मांडुळाचे दोन कोटी देणारा माणूस कुणी पाहिलाय?

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. घमेल्यात मांडूळ जातीचा साप, शेजारी वजनकाटा आणि मागून आवाज : "ओरिजिनल आहे, अडीच किलो. फक्त सिरीयस पार्टीनेच फोन करा." त्याखाली आमच्याच विंगमधल्या, बँकेतून रिटायर झालेल्या गृहस्थांचा प्रश्न, "खरंच दोन कोटी मिळतात का हो?" मग नोटांच्या इमोजी. हा गुन्हा आहे असं एकानेही लिहिलं नाही. मी लिहिलं, तर उत्तर आलं, "ताई, गंमत चाललीये, एवढं काय मनावर घेता!"

घेते मनावर. कारण लालबागच्या चाळीत, आमच्या काकांच्या दारात, मी मांडूळ मरताना पाहिलंय.

मी तेव्हा नववीत होते. काकांची मिल बंद पडून बरीच वर्षं झाली होती. कधी वॉचमन, कधी कुणाच्या गाळ्यावर हिशेब, असं चाललं होतं. गावाकडच्या कुणीतरी कानात भरवलं की मांडूळ आणून देतो, पार्टी तयार आहे, फक्त थोडे पैसे आधी लागतील. काकूच्या पाटल्या गहाण पडल्या. एका रात्री गोणपाटाच्या पिशवीतून ते मांडूळ आलं आणि गॅलरीतल्या अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये, वितभर वाळूवर राहायला लागलं. वर जाळी, जाळीवर विटा.

ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तांबूस तपकिरी रंग, अंगावर बारीक गुळगुळीत खवले, टिकलीएवढे डोळे. शेपूट निमुळती नसते, बोथट असते, म्हणून लोक दुतोंड्या म्हणतात. दोन तोंडं वगैरे काही नसतात. घाबरलं की ते डोकं वेटोळ्याखाली लपवतं आणि शेपूट वर करतं, म्हणजे घाव बसलाच तर शेपटीवर बसावा. त्या बिचाऱ्याची स्वतःला वाचवायची एवढीच युक्ती. त्यातही गारुड्यांनी त्या शेपटीवर जखमा करून तिथे डोळे-तोंड असल्याचा देखावा उभा केला आणि आपण टाळ्या वाजवत बघत बसलो. विष नाही. बिळातून फिरून उंदीर, घुशी खाणारा, शेतकऱ्याच्या उपयोगाचा प्राणी. इतके दिवस आमच्याकडे होतं, कुणाला साधं चावलंसुद्धा नाही.

काका रोज त्याचं वजन करायचे. भाजीवाल्याकडून आणलेला तराजू. अडीच किलो भरलं तरच पार्टी घेणार, असं दलालाने सांगितलेलं. भरत नव्हतं. मग चमच्याच्या दांड्याने त्याचं तोंड उघडून कोंबडीचे तुकडे आत ढकलायला लागले. ते ओकून टाकायचं. ड्रमच्या कडेला घासून घासून त्याच्या नाकाडावरची कातडी सोलवटली होती, लाल झाली होती. मी ते रोज शाळेत जाताना बघायचे.

आणि पार्टी? पार्टी आलीच नाही. आज येते, उद्या येते, अजून दहा हजार द्या, नागपूरहून मोठे साहेब निघालेत. कुणीही आलं नाही, कारण कुणी नव्हतंच. या धंद्यात शेवटचा गिऱ्हाईक नसतोच. एक जण दुसऱ्याला विकतो, दुसरा तिसऱ्याला, आणि प्रत्येकाला वाटतं की पुढच्याकडे कोट्यधीश बसलाय. गुप्तधन सापडतं म्हणतात, कॅन्सर बरा होतो म्हणतात, पुरुषत्वाचं औषध म्हणतात. सगळं थोतांड. पण पोलिसांत जाणार कोण? गेलात तर तुम्हीच आरोपी. काका याच कारणाने गप्प बसले आणि त्यांना फसवणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक होतं.

आता कायद्याचं सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात मांडूळ तेव्हा चौथ्या अनुसूचीत होतं, म्हणजे काकांनी केलं तेही बेकायदाच होतं, फक्त शिक्षा सौम्य होती. २०२२ च्या दुरुस्तीने मांडूळ पहिल्या अनुसूचीत आलं, १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे. पहिली अनुसूची म्हणजे वाघ ज्या यादीत आहे ती. तीन ते सात वर्षं कैद, वर दंड. आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत मांडूळ आता 'संकटसमीप' गटात आहे. २०१६ ते २०२१ या काळातल्या जप्तीच्या बातम्या गोळा करून अभ्यासकांनी मांडणी केली, तेव्हा सगळ्यात जास्त प्रकरणं कुठल्या राज्यात निघाली? आपल्या महाराष्ट्रात. त्यातही पुणे, ठाणे, मुंबई उपनगर, रायगड. जिथे मांडूळ राहतं त्या माळरानात नव्हे, जिथे आपण राहतो तिथे.

हो, मान्य आहे, 'संकटसमीप' म्हणजे उद्या नामशेष होणार असं नाही. अजूनही पाऊस पडला की शेताच्या बांधावर दिसतं. पण हे अंडी घालणारं जनावर नाही, एका वेळी मोजकीच पिल्लं देतं. आणि वजनाच्या हव्यासापायी उचलली जातात ती नेमकी मोठी, वयात आलेली. मागे उरणार काय?

मला सगळ्यात जास्त राग येतो तो बातम्यांचा. "दोन कोटींचं मांडूळ जप्त, चौघे अटकेत." अहो, दोन कोटी कुणी ठरवले? आरोपीने सांगितलेला आकडा तुम्ही मथळ्यात छापता आणि ती फुकटची जाहिरात होते. तो मथळा वाचून दहा जण शेतात फावडं घेऊन उतरतात. जप्त केलेलं जनावर कुठल्या तालुक्यातून, कुठल्या बांधावरून उचललं हे कुणालाच माहीत नसतं, मग ते परत सोडणार कुठे? पोलीस, वनखातं मेहनत करतात, ते नाकारत नाही. पण किंमत छापायची बंद करा. त्या जागी एवढंच छापा : या सापाला बाजारभाव नाही.

खेड्यातला मजूर पाचशे रुपयांसाठी मांडूळ पकडतो, त्याची गरिबी मला कळते. काकांची तर फारच कळते. मिल गेली, मुलीचं लग्न अंगावर आलेलं, चाळीत सगळ्यांसमोर मान खाली. ते वाईट नव्हते हो. मांडूळ मेलं त्या दिवशी काका ड्रमपाशी उकिडवे बसून राहिले होते, जेवले नाहीत. काकूने मांडूळ दुधाच्या पिशवीत घालून कचऱ्यात टाकलं आणि पाटल्यांचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

पण ज्यांची पेन्शन सुरू आहे, घर मालकीचं आहे, पोरं परदेशात आहेत, त्यांनी "खरंच मिळतात का हो" विचारावं? त्यांना कसली उपासमार आहे? मी त्यांच्या बाबतीत एक अक्षरही मऊ लिहिणार नाही. विकत घेणारे, दलाली करणारे, पैसे लावणारे, सगळे शिकलेसवरलेले असतात. लॉजच्या खोलीत सौदा करताना पकडले जातात ते इस्त्रीच्या शर्टातले.

पावसाळ्यात गावी जाल. बांधावर मांडूळ दिसलं तर उचलू नका, व्हिडिओ करून जागेसकट टाकू नका, ते आपोआप मातीत शिरतं. आणि गावात कुणी "दिसलं तर सांग, पार्टी आहे" म्हणत फिरत असेल, तर वनखात्याचा १९२६ हा नंबर फिरवा. नात्यातला असला तरी फिरवा. आमच्या घरी कुणी फिरवला असता तर काकूच्या पाटल्या नसत्या आल्या परत, पण ते मांडूळ कदाचित जगलं असतं.