दाबोळीचा यजमान कोण?

गेल्या आठवड्यात ग्वाल्हेरच्या दौलतगंजात एका नातेवाइकाकडे साखरपुड्याला जमलो असताना गोव्याच्या सहलीचा विषय निघाला आणि एका गृहस्थांनी ठरलेले वाक्य उच्चारले, "दाबोळीचा विमानतळ नौदलाने अडवून ठेवला, म्हणून तर मोपाला दुसरा बांधावा लागला." भर पंगतीत वाद घालणे बरे दिसत नाही म्हणून मी गप्प राहिलो. परंतु हा समज इतका रुळलेला आहे, की त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले.

दाबोळीची धावपट्टी ना आपल्या नौदलाने बांधली, ना पर्यटकांसाठी कोणी बांधली. १९५०च्या दशकाच्या मध्यास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि रेल्वेचा मार्ग बंद झाला, तेव्हा पोर्तुगीज सरकारने मुरगाव बंदराजवळच्या या पठारावर विमानतळ उभारला. त्याला पुढे गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिश यांचे नाव देण्यात आले. १९५५ मध्ये 'ताइप' ही विमानसेवा स्थापन झाली आणि तिची विमाने दमण, दीव व कराचीकडे जाऊ लागली. म्हणजे विमानतळ नावाने नागरी असला, तरी नाकेबंदीतून वाट काढणे हेच त्याचे जन्मकारण होते.

१८ डिसेंबर १९६१चा दिवस मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. त्या दिवशी गोवामुक्तीच्या कारवाईत विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाईदलाच्या बारा कॅनबेरा बाँबफेकी विमानांनी दाबोळीवर ६३,००० पौंड, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस टन बाँब टाकले. नंतर आणखी आठ कॅनबेरा आली. लक्ष्य धावपट्टीचे होते, त्यामुळे टर्मिनलची इमारत शाबूत राहिली. गोव्यात पोर्तुगीजांचे एकही लढाऊ विमान नव्हते. उभी होती ती दोन प्रवासी विमाने, आणि त्यांनाही धक्का लागला नाही. संध्याकाळी धावपट्टीची घाईघाईने डागडुजी करण्यात आली, काही अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना विमानांत बसवले गेले आणि वजन कमी व्हावे म्हणून जास्तीच्या आसनांसह नको असलेले सामान बाहेर फेकण्यात आले. मानुएल कोरैया रैश या वैमानिकाने आपले चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन अवघ्या ७०० मीटरांत उचलले. उखडलेल्या धावपट्टीचे तुकडे उडून विमानाच्या अंगाला पंचवीस भोके पडली, एक टायर बसला. तरीही ते आणि त्यामागोमाग ताइपचे डीसी-४ अंधारात, समुद्रालगत अगदी खालून उडत कराचीला पोहोचले. शत्रूचा असला तरी हे कसबी उड्डाण होते, आणि गोवामुक्तीचा अभिमान बाळगणाऱ्यानेही हे मान्य करण्यास हरकत नसावी.

एप्रिल १९६२ मध्ये लष्करी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ यांनी हा तळ नौदलाकडे सोपवला. आयएनएस हंसा हे नौदलाचे हवाई केंद्र त्याआधी कोइमतूरजवळ सुलूर येथे होते. ते जून १९६४ मध्ये दाबोळीला आले. पुढे सी हॉक, अलिझे, १९८३च्या डिसेंबरपासून सी हॅरियर आणि आता मिग-२९के अशा नौदल विमानांच्या पिढ्या येथे नांदल्या. सी हॅरियरला निरोप देण्याचा समारंभही मे २०१६ मध्ये हंसावरच झाला.

आता अडवणुकीच्या आरोपाबद्दल. विमानवाहू जहाज बंदरात उभे असताना त्याच्या डेकवरून लढाऊ विमाने उडत नाहीत; म्हणून जहाज बंदरात शिरण्यापूर्वी ती किनाऱ्यावरच्या तळावर येतात आणि सराव तेथूनच चालतो. हंसावर जहाजाच्या टोकासारखा वर उचललेला, सुमारे १४ अंशांचा उतार जमिनीवर बांधलेला आहे आणि उतरणाऱ्या विमानाचा हूक पकडून ते थांबवणारी तारही आहे. नौदलासाठी बनवलेल्या तेजसने डिसेंबर २०१४ मध्ये कमोडोर जयदीप मावळंकर यांच्या हाती याच उतारावरून पहिली झेप घेतली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये याच तारेवर ते थांबले. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठपासून दुपारी एकपर्यंत नागरी विमानांना जी बंदी असे, ती या सरावासाठी होती. सुट्टीवर निघालेल्या माणसाला ती जाचक वाटणे स्वाभाविक आहे, पण तिला मुजोरी म्हणणे अन्यायाचे आहे. मोपाची गरज होती हेही मला मान्य आहे, कारण एका धावपट्टीवर किती संसार मांडणार?

आम्हा ग्वाल्हेरकरांना तर हे कळायला जड जाऊ नये. आमचा विमानतळही महाराजपूरच्या हवाईदल तळावरच आहे. १९८५ पासून मिराज लढाऊ विमानांचा आवाज ऐकत आम्ही चहा पितो आणि घोट घेता घेता बोलणे क्षणभर थांबवण्याची सवय घराघरांत लागली आहे. (२६ फेब्रुवारी २०१९च्या पहाटे येथून मिराज बालाकोटकडे गेली, हे कळल्यावर 'मी तो आवाज ऐकला होता' असे सांगणारे महाराज बाड्याच्या चौकात इतके निघाले, की त्या रात्री आमच्या लष्कर भागात कोणी झोपले होते की नाही, असा प्रश्न पडावा.) आणि लष्कर हे आमच्या वस्तीचे नाव तरी कोठून आले? १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी पडली आणि तिचेच शहर झाले. छावणी आधी आणि बाजार मागून, हा क्रम आमच्या पत्त्यातच लिहिलेला आहे.

दाबोळीचा क्रम त्याहून गुंतागुंतीचा आहे: आधी परक्या सत्तेचा विमानतळ, मग आपला नौदल तळ, आणि त्या तळाच्या आश्रयाने आलेला पर्यटकांचा ओघ. यातला पहिला भाग वगळला की नौदल घुसखोर ठरते आणि शेवटचा वगळला की प्रवासी उपरा ठरतो. त्या गृहस्थांनी दोन्ही भाग वगळले होते.

गोव्याला जाणाऱ्यांनी बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयासाठी दोन तास जरूर राखून ठेवावेत. तेथे उघड्यावर एक सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. ते पळून गेलेले विमान नव्हे. हे आपलेच, आधी एअर इंडियाचे, मग हवाईदलाचे आणि शेवटी नौदलाचे. पण वंश तोच. त्याच्या लांबलचक, किंचित बाक असलेल्या पोटाखाली उभे राहून वर पाहावे, म्हणजे एवढे धूड काळोखात ७०० मीटरांत उचलणे काय असेल, याचा अंदाज येतो.