नाक कुठून तोडावं?

प्लास्टर ऑफ पॅरिसचं एक बरं असतं, ते दहा-पंधरा मिनिटांत दगड होतं. पुतळा पुरातन दिसावा म्हणून पुढची दोन हजार वर्षं मात्र आपणच घालायची, आणि खरी हमाली तिथेच आहे.

आधी पाणी, मग पावडर. चिमटीनं भुरभुरवत राहायचं. पाण्यावर कोरडं बेट दिसू लागलं की थांबायचं. हलकेच ढवळून भांडं टेबलावर आपटायचं, म्हणजे बुडबुडे वर येतात. नेमका तेव्हाच फोन वाजतो. बोलून परत येईतो भांड्याच्या आतल्या आकाराचा पुतळा तयार! तो मात्र निर्दोष, एक बुडबुडा नाही. (उरलेलं सिंकमध्ये ओतू नका. प्लास्टर पाण्याखालीही घट्ट होतं, आणि मग घरातली सगळ्यात भक्कम शिल्पकृती पाइपात सापडते.)

साच्यातून राजा निघतो तो गोरापान, नुकताच दाढी करून आल्यासारखा. पुरातन म्हणजे नाक गेलेलं, हे तर संग्रहालयांनीच आपल्याला शिकवलंय. म्हणून नाकावर हातोडीनं टिचकी मारावी, तर कान पडतो. दुसरी मारावी, तर मान. नाक जागच्या जागी, नाकी नऊ आपल्या! मिलोसची व्हीनस ही प्राचीन ग्रीक मूर्ती १८२० साली सापडली, ती हातांशिवाय जगप्रसिद्ध झाली. मी घडवलेल्या बाईचे हात गेले, तर लोक विचारतात, "पडली का हो?"

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. आमच्याकडे चहाचे घाव असतात. प्लास्टर चहा अधाशासारखं पितं, आणि आतून ओलं असेल तर डाग असे उठतात की राजाला कांजिण्या झाल्यात. मग तपकिरी रंग फासून फडक्यानं पुसायचा. डोळ्यांच्या कोपऱ्यात, वस्त्रांच्या चुण्यांत मळ राहू द्यायचा. गाल, गुडघे, कपाळ उजळ ठेवायचं. काळ सगळीकडे सारखा बसत नाही, घरातल्या धुळीसारखाच.

हे उद्योग मायकेलअँजेलोनंही केलेत. विशीत त्यानं झोपलेला क्यूपिड, म्हणजे रोमनांचा प्रेमदेव, घडवून जुनाट केला, आणि तो प्राचीन म्हणून चर्चमधल्या बड्या धर्मगुरूला, कार्डिनल रियारिओला, विकला गेला. लबाडी कळल्यावर कार्डिनलनं पैसे परत घेतले, पण १४९६ मध्ये शिल्पकाराला रोमला बोलावलं! आमच्याकडचे पाहुणे त्याच्याहून पोचलेले. राजाला थेट उचलतात आणि म्हणतात, "हलका आहे हो फार." संगमरवराच्या निम्मंही वजन नाही, लपवणार काय?

म्हणून आता समोर पाटी ठेवलीय: 'हात लावू नये'. तेवढ्यानं राजाचं वय निदान पाचशे वर्षांनी वाढलं.