किंबर्लीचा कागद आणि तुमच्या मुलीची अंगठी

ताई, नमस्कार.

अंगठीसाठी हिरा घेताना ‘हा कुठल्या खाणीतून आला’ असं सराफाला विचारा, असं मी गेल्या लेखात लिहिलं. ते तुम्हाला पटलं नाही. तुमचे यजमान मुंबईच्या बीकेसीतल्या हिऱ्यांच्या पेढीत कामाला आहेत, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकीव नाही. तुम्ही लिहिता की किंबर्ली सर्टिफिकेटशिवाय, म्हणजे बंडखोरांनी विकलेला माल नाही अशी ग्वाही देणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेच्या दाखल्याशिवाय, कच्चा हिरा देशात येतच नाही, मग गिऱ्हाइकाने चौकश्या कशाला करायच्या? असले लेख वाचून लोक बिचकतात आणि सुरतच्या रत्नकलाकारांच्या, म्हणजे हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारागिरांच्या, पोटावर पाय येतो. ज्याला टोचणी लागते त्याने लॅबमधला, म्हणजे यंत्रात तयार केलेला, हिरा घ्यावा. आणि शेवटी विचारता, ‘दिवाळीनंतर मुलीचा साखरपुडा आहे, मग अंगठी घेऊच नको का?’

अंगठी जरूर घ्या. पण किंबर्लीबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मला सविस्तर सांगायचंय.

सर्टिफिकेटशिवाय कच्चा माल कायदेशीरपणे येत नाही, हे अगदी बरोबर. १ जानेवारी २००३ पासून ही पद्धत सुरू आहे. सिएरा लिओनमध्ये बंडखोर लोकांचे हात तोडत होते, अंगोलात युनिटा ही बंडखोर संघटना हिरे विकून बंदुका घेत होती, आणि तोच माल जगभरच्या दागिन्यांत जात होता, म्हणून ती आणावी लागली. पण तिची व्याख्या त्या काळातच अडकली. बंडखोरांनी कायदेशीर सरकार उलथवण्यासाठी विकलेला कच्चा हिरा, एवढाच तिच्या लेखी ‘संघर्षाचा हिरा’. सरकारी सैन्यानेच माणसं मारली तर? झिंबाब्वेतल्या मारांगे इथे २००८ साली नेमकं तेच झालं. हिरे खणणाऱ्या गोरगरिबांवर लष्कराने गोळ्या झाडल्या, हेलिकॉप्टरमधूनही. ह्यूमन राइट्स वॉचच्या म्हणण्यानुसार २०० हून अधिक माणसं गेली. काही काळ निर्यात थांबली आणि २०११ च्या नोव्हेंबरात किंबर्लीनेच तिथल्या मालाला वाट मोकळी करून दिली. ही व्यवस्था उभी राहावी म्हणून झटलेली ग्लोबल विटनेस ही संस्था पुढच्याच महिन्यात तिच्यातून बाहेर पडली. तेव्हा ‘किंबर्ली आहे ना’ हे उत्तर मला पुरत नाही, आणि तुम्हालाही पुरू नये असं वाटतं.

आता तो कागद प्रवास कसा करतो ते बघा, हे तुमचे यजमान माझ्याहून चांगलं सांगतील. सर्टिफिकेट असतं सीलबंद पेटीतल्या कच्च्या मालाच्या अख्ख्या पार्सलला, एकेका खड्याला नव्हे. पार्सल फुटलं की माल निवडला जातो, चाळण्यांतून आकाराप्रमाणे वेगळा होतो, दुसऱ्या खाणींच्या मालात मिसळतो. मग पैलू, मग पुन्हा निवड, मग कागदाची पुडी, मग दलाल, मग दुसरी पुडी. सराफाच्या काउंटरवर येईपर्यंत तो कागद मागेच राहिलेला असतो. पुढे चालतं ते फक्त बिलावरचं हमीचं वाक्य, आणि तेही प्रत्येकाने आपल्या आधीच्याच्या भरवशावर लिहिलेलं. माणिक-पाचूचं मूळ प्रयोगशाळेत बऱ्याचदा ओळखता येतं. पैलू पाडलेल्या हिऱ्याचं तसं नाही. एकदा माग तुटला की नुसता खडा तपासून देश सांगता येत नाही. म्हणून तर चौकशी खरेदीच्या साखळीत व्हायला हवी.

पुण्यातल्या एका पेढीत मी मूळ विचारलं, तेव्हा विक्रेत्याने आत्मविश्वासाने अंगठीच्या आतला हॉलमार्क दाखवला आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, भिंगाखाली वाचूनही दिला. तो हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा. हिऱ्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. मग त्याने ग्रेडिंग रिपोर्ट पुढे केला. त्यात वजन, रंग, शुद्धता, घडण सगळं होतं, देश नव्हता. नेहमीच्या रिपोर्टात तो नसतोच. त्या मुलाचा यात काही दोष नाही. त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

आणि विचारलं की काय होतं, याचा पुरावा तुमच्या सुरतेतच आहे. मार्च २०२४ पासून अमेरिकेसह जी-७ गटातल्या श्रीमंत देशांनी, भारतात पैलू पाडलेला असला तरी, एक कॅरट आणि त्यावरचा रशियन हिरा घेणं बंद केलं. सप्टेंबरात ती मर्यादा अर्ध्या कॅरटवर आली. किंबर्लीच्या व्याख्येत रशिया बसतच नव्हता, कारण तिथे बंडखोर नाहीत, सरकारच आहे. तरी ज्यांना अमेरिकेत माल पाठवायचा होता त्यांना खडा रशियन नाही हे लिहून देणं भाग पडलं, त्यासाठी माल वेगळा ठेवणं भाग पडलं. न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाला जे उत्तर मिळतं ते डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाला का मिळू नये?

रत्नकलाकारांचा मुद्दा मला सगळ्यात जवळचा वाटला. मंदीने त्यांची काय गत झालीय ते दिसतंच आहे. २०२५ मध्ये गुजरात सरकारला त्यांच्यासाठी मदत जाहीर करावी लागली. पण ही मंदी आली ती अमेरिका-चीनमधली मागणी आटल्याने, लॅबच्या हिऱ्यांचे भाव कोसळल्याने आणि अमेरिकेच्या आयातकरामुळे. गिऱ्हाइकाच्या चौकश्यांनी नाही. नगावर मजुरी घेणाऱ्या, आजारपणात बुडालेल्या दिवसाचे पैसे न मिळणाऱ्या माणसाबद्दलही आपण विचारायला हवं. नैतिक हिरा म्हणजे नुसती खाण नव्हे, घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, बसलेला माणूसही त्यात आला.

हिरे घेऊच नका, असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. बोत्स्वाना १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अतिगरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. तिथल्या खाणकंपनीत आज निम्मा वाटा सरकारचा आहे आणि त्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. बहिष्कार घातला तर पहिला फटका अशांनाच बसतो.

लॅबमधला हिरा खराच हिरा आहे, हलका समजू नका. खाणीचा प्रश्न तिथे मिटतो. पण सीव्हीडीच्या, म्हणजे वायूपासून हिरा वाढवणाऱ्या, यंत्रात तो आठवडेच्या आठवडे प्रचंड तापमानात वाढतो, आणि आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. त्यामुळे ‘पर्यावरणपूरक’ एवढ्या शब्दावर समाधान मानू नका, कारखाना कुठल्या विजेवर चालतो ते विचारा. पुनर्विक्रीची आशाही धरू नका.

आता तुमच्या अंगठीबद्दल. तीस सेंटच्या (०.३० कॅरटच्या) वरचा एकच खडा घेणार असाल तर मूळ सांगता येणारा मिळू शकतो: कॅनडातल्या खाणींचा, बोत्स्वानाचा, किंवा कच्च्या अवस्थेपासून नोंद ठेवलेला. रिपोर्टचा नंबर खड्याच्या गर्डलवर, म्हणजे कडेवर, लेझरने कोरलेला असेल, तर तो दहापट भिंगातून स्वतः वाचा आणि कागदाशी ताडा. भोवती बारीक हिऱ्यांची महिरप मात्र नको, कारण त्या बारीक मालाचं मूळ सहसा कुणालाच सांगता येत नाही. मंगळसूत्राच्या वाट्यांनाही हेच लागू. तिथे घरातल्या जुन्या कुड्यांचे हिरे उतरवून वापरता आले तर त्याहून चांगलं काही नाही. मोडीत घालू नका, सराफ त्या हिऱ्यांचे फारसे पैसे देत नाही.

बिलावर नुसतं ‘डायमंड’ लिहून घेऊ नका. नैसर्गिक की लॅबचा, वजन, रिपोर्ट नंबर आणि तोंडी सांगितलेला देश, हे सगळं लिहून मागा. देश लिहायला नकार दिला तर दुसरी पेढी बघा. शिवाय कच्चा माल खरेदी करणाऱ्यांपर्यंत तुमच्या यजमानांची पोच आहे, ती आमच्यासारख्यांना नाही. त्यांच्या पेढीत मारांगेचा माल वेगळा ओळखता येतो का, हे त्यांना विचारून इथे कळवाल? जे उत्तर येईल ते मी मूळ लेखाखाली जसंच्या तसं देईन.