सहार ते व्हीटी : पस्तावण्याची शास्त्रोक्त पद्धत

परदेशातून मुंबईत उतरणाऱ्याने विमानतळावरून शहरात कसं जायचं, याचा विचार घरून निघताना करू नये. विमानातही करू नये, तिथे सिनेमे असतात. चाकं धावपट्टीला टेकली आणि सीटबेल्टचा दिवा विझायच्या आत अर्धं विमान उभं राहिलं, की मागच्या अनोळखी गृहस्थाला विचारावं. ते सांगतील, "आता मेट्रो झालीय की थेट!" झालीय, हे खरंच आहे. किती वाजेपर्यंत असते, एवढं मात्र त्यांना विचारू नये.

गोंधळाची सुरुवात नावापासून करावी. तुम्ही उतरलात तो छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. तुम्हाला जायचंय ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. विमानतळाला स्वतःची दोन टर्मिनल आहेत, टी१ आणि टी२ (तुम्ही उतरलात ते टी२), त्यामुळे मेट्रो ३ च्या नकाशावर महाराजांच्या नावाची तीन स्थानकं येतात. 'सहार' आणि 'व्हीटी' हे दोन शब्द उच्चारले, तर साठीचा टॅक्सीवालाही डोळे मिटून पोहोचवेल. रेल्वे स्थानकाचं नाव १९९६ मध्ये बदललं आणि विमानतळाचं १९९९ मध्ये, पण जिभेचं वेळापत्रक वेगळं असतं. म्हणून हे जुने शब्द टाळावेत. घाईघाईत "शिवाजी टर्मिनल" एवढंच म्हणावं आणि टी१ ला पोहोचावं. तिथून परत टी२ ला आणणारा रिक्षावाला तुम्हाला मनापासून दुवा देईल.

२०२५ च्या डिसेंबरपासून याहून मोठी चूकही उपलब्ध झाली आहे. मुंबईहून पुढचं देशांतर्गत विमान पकडायचं असेल, तर तिकिटावर बीओएम छापलंय की एनएमआय, हे मुळीच पाहू नये. बीओएम म्हणजे तुम्ही उतरलात तोच विमानतळ. एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा नवा विमानतळ. दोन्हींच्या मध्ये एक खाडी आहे आणि त्या खाडीवर पूल आहेत, पण पुलांवर गाड्याही असतात.

आता अंतर. बहुतेक शहरांचा मध्य मध्यभागी असतो. मुंबईचा मध्य दक्षिणेच्या टोकाला समुद्रात पाय सोडून बसलेला आहे. टी२ पासून व्हीटीपर्यंत रस्त्याने साधारण २५ किलोमीटर पडतात. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं भाडं फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे असं ठरलेलं आहे. हिशेब केला तर सव्वापाचशेच्या आत येतो. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच पाव पट जास्त, म्हणजे साडेसहाशेच्या घरात. हा हिशेब कागदावर करून ठेवला, की बाहेर पडताच खांद्याला खांदा लावून "टॅक्सी, साब?" असं कुजबुजणाऱ्या माणसाने सांगितलेला आकडा हास्यास्पद वाटू लागतो. तो वाटू द्यायचा नसेल, तर हिशेब करू नका. प्रीपेडच्या खिडकीकडे पाहूही नका. तिथे मीटरपेक्षा जास्त घेतात हे खरं, पण पावती देतात, आणि पावतीमुळे पुढच्या भांडणातली मजा जाते.

रिक्षाचाही मोह अवश्य धरावा. ती स्वस्त, हवेशीर, आणि दोन मोठ्या बॅगा घेतल्यावर तिच्यात तुमच्यासाठी मांडीएवढी जागा उरते. मात्र पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला सायन यांच्या पलीकडे रिक्षाला बंदी आहे, हे बसण्याआधी कोणी सांगू लागलं तर कानांवर हात ठेवावेत. रिक्षा थांबली, बॅगा फुटपाथवर आल्या, की भूगोल आपोआप समजतो.

तर मेट्रो. मेट्रो ३, म्हणजे अ‍ॅक्वा लाइन, ३३.५ किलोमीटर लांब आहे. तिच्या २७ स्थानकांपैकी आरेचं एक सोडून बाकी २६ जमिनीखाली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती आरे ते बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, धावू लागली, मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडला टेकली. टी२ हून बसलात, तर व्हीटी अठरावं स्थानक. वेळ पाऊण तासाच्या आसपास, वातानुकूलित डबे, आणि या मार्गावर सत्तर रुपयांच्या वर तिकीटच नाही. इतकं सरळ साधन बिघडवायचं तर मेहनत घ्यावी लागते.

पहिली मेहनत तिकिटाची. तिकीट मोबाइलवरच काढायचं असा हट्ट धरावा, आणि तोही जिने उतरून पूर्ण खाली गेल्यावर. भुयारात तुमच्या कंपनीचं नेटवर्क मिळेलच असं नाही, आणि वर्षभर रिचार्ज न केलेल्या भारतीय सिमवर ओटीपीची वाट पाहण्यात जो शांतरस आहे, तो विपश्यनेतही नाही. ८ ऑक्टोबर २०२५ ला 'मुंबई वन' नावाचं अ‍ॅप आलं. त्यात मेट्रो, लोकल आणि बेस्टची बस यांची तिकिटं एकाच ठिकाणी निघतात. ते परदेशातल्या घरी, वायफायवर बसून आधीच उतरवून ठेवणं म्हणजे रसभंग. खिडकीवर रोख पैसे घेतात, पण तुमच्याजवळ विमानतळावर बदलून घेतलेल्या पाचशेच्याच नोटा असतील याची काळजी घ्या. कागदी क्यूआर तिकीट मिळालंच, तर ते पासपोर्टच्या घडीत, बोर्डिंग पासाच्या मागे, कुठे ठेवलं ते आठवणार नाही असं ठेवा. बाहेर पडताना फाटकावर ते पुन्हा दाखवावं लागतं, आणि चुरगळलेला क्यूआर यंत्राला वाचता येत नाही. मागे रांग साचते. रांगेतले लोक सूचना करतात.

दुसरी मेहनत सामानाची. अमेरिकेहून येणाऱ्याला सहसा तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा आणता येतात. त्या पुरेपूर भराव्यात, वर हातातली एक, आणि चॉकलेटांची ड्यूटी फ्रीची पिशवी. विमानतळाची ट्रॉली मेट्रोत येत नाही. दाराशी तिला निरोप द्यायचा, की चार डाग आणि दोन हात असं गणित उरतं. मेट्रोच्या प्रवेशाला पुन्हा एक्स-रे यंत्र असतं, तिथे हे सगळं उचलून पट्ट्यावर ठेवायचं आणि पलीकडून उतरवायचं. लिफ्ट असते. ती शोधू नका. सरकत्या जिन्यावर एक बॅग वरच्या पायरीवर आणि एक खालच्या पायरीवर ठेवून मध्ये उभं राहावं. (एका माणसाने एक चाकांची बॅग आणि पाठीवर एक सॅक एवढंच आणलं, तर मेट्रोसारखं दुसरं काही नाही. अशा माणसाने हा लेख इथेच सोडला तरी चालेल.)

तिसरी मेहनत दिशेची. एका बाजूला कफ परेड, दुसऱ्या बाजूला आरे. फलाटावर जी गाडी आधी येईल ती आपली समजावी. पुढचं स्थानक मरोळ नाका आलं, तर तुम्ही उत्तरेला निघालात. पण खचून जाऊ नका, मरोळ नाक्याला मेट्रो १ भेटते. २०१४ पासून वर्सोवा ते घाटकोपर धावणारी ही जुनी मेट्रो वेगळ्या कंपनीची आहे. तिने अंधेरीला जा, तिथून लोकल पकडा, आणि एका गाडीचा प्रवास तीन गाड्यांत बसवून दाखवा. याच मेट्रो १ वर 'एअरपोर्ट रोड' नावाचं स्थानक आहे. जाताना विमान पकडायचं असेल तर नावावर विश्वास ठेवून तिथेच उतरावं. स्थानकाने तुम्हाला एअरपोर्टचा रोड दाखवायचं कबूल केलंय, एअरपोर्ट नव्हे. टी२ साठी खरं तर मरोळ नाक्याला बदलून एकच स्थानक पुढे जायचं असतं. तसंच मेट्रो ३ चं सांताक्रूझ. ते वाकोल्याच्या बाजूला आहे. तिथून वर येऊन लोकलचं सांताक्रूझ स्टेशन कुठाय विचारावं, म्हणजे चालण्याचा व्यायाम होतो.

पावसाळ्याचा विचार तर मनात आणूच नये. २६ मे २०२५ ला पाऊस वेळेआधी आला आणि आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. स्थानक सुरू होऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते. मुंबईत जुलैमध्ये उतरणाऱ्याने आज कुठली सेवा सुरू आहे हे पाहण्याऐवजी "मुंबई कधी थांबत नाही" हे वाक्य म्हणावं. ते म्हणताना बहुतेक वेळा माणूस थांबलेला असतो.

आणि आता तो प्रश्न, जो मागच्या सीटवरच्या गृहस्थांना विचारला नाही. मेट्रो ३ ची पहिली गाडी दोन्ही टोकांवरून पहाटे ५:५५ ला सुटते आणि शेवटची रात्री साडेदहाला. म्हणजे टी२ हून दक्षिणेला जाणारी शेवटची गाडी पावणेअकराच्या आतबाहेर गेली, आणि पहिली सहा वाजून गेल्यावर येणार. लोकल रात्री एकच्या सुमारास झोपते ती चारच्या पुढे उठते. आणि परदेशातून मुंबईला येणारी पुष्कळशी विमानं नेमकी कधी उतरतात? मध्यरात्र ते पहाट. ज्यांच्यासाठी हे स्थानक टी२ च्या दारात खोदलं, त्यातले बरेचसे बंद शटरसमोरून जातात. याला नियोजन म्हणतात.

म्हणून विमान रात्री साडेनऊला उतरत असेल, तर ड्यूटी फ्रीमध्ये मन लावून खरेदी करावी. पासपोर्टची रांग आणि सामानाचा पट्टा मिळून तास-दीड तास जातोच, उरलेली दहा मिनिटं चॉकलेटांवर घालवली की शेवटची मेट्रो हमखास चुकते. विमान रात्री एकला उतरत असेल, तर सार्वजनिक वाहतुकीवर तत्त्वनिष्ठ राहून सहापर्यंत खुर्चीत बसावं किंवा टॅक्सी करावी, तिसरा मार्ग नाही. खरी कसोटी पहाटे साडेचारला उतरणाऱ्याची. बाहेर येईतो पावणेसहा होतात. टॅक्सीची रात्रीची वाढ पाचलाच संपलेली, पहिली मेट्रो वीस-पंचवीस मिनिटांवर, डबे रिकामे, आठपर्यंत गर्दी नाही. मुंबईत सामानासह फिरायला याहून चांगली वेळ नाही. ती वाया घालवायची असेल, तर आधी बाहेर उभं राहून निवांत चहा घ्यावा, भावाला फोन करून उठवावं, "न्यायला येतोस का?" विचारावं, आणि तो डोंबिवलीहून येईपर्यंत थांबावं.

लोकलबद्दल थोडक्यात. अंधेरीहून चर्चगेटचं सेकंड क्लासचं तिकीट दहा रुपये, आणि मिळणारा अनुभव त्याहून कितीतरी महाग. सकाळी साडेआठला, दोन बॅगांसह, चर्चगेट फास्टच्या जनरल डब्यात चढायचा प्रयत्न करावा. गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. पहिली बॅग आत गेली आणि तुम्ही फलाटावर राहिलात, तर पुढची गाडी पकडून तिच्या मागे जाता येतं. मालडबा नावाची सोय असते, पण त्यात शिरायचं तर साडेदहाच्या सुमाराला शिरावं, डबेवाले आपल्या लांब लाकडी पाट्या घेऊन चढतात तेव्हा. व्हीटीलाच जायचं असेल, तर अंधेरीहून हार्बर मार्गाची थेट लोकल आहे. माहीम, किंग्ज सर्कल, वडाळा करत सावकाश जाते. ही माहिती कुणाला सांगू नका, नाहीतर चर्चगेटला उतरून टॅक्सी शोधणारे कमी होतील. आणि रविवारी दुपारी निघणार असाल तर रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या रोखणारा ब्लॉक आहे का, हे गाडी मध्येच उभी राहिल्यावर विचारा.

बेस्टचं काय? बसचं किमान भाडं मे २०२५ मध्ये दुप्पट झालं, साधी दहा आणि एसी बारा रुपये, पहिल्या पाच किलोमीटरला. दुप्पट होऊनही बारा रुपये. एवढ्या पैशांत परदेशात पाण्याची बाटलीही मिळत नाही, हे कंडक्टरला पाचशेची नोट देत ऐकवावं. पुढच्या पाटीवर आकडा मराठीत असतो. वीस वर्षं बाहेर राहून ४ आणि ५ यांत घोटाळा होत असेल, तर ती सहल वेगळीच होते.

राहता राहिला परतीचा प्रवास, म्हणजे गिरगावातून किंवा दादरहून निघून रात्री दोनचं विमान पकडायचा. इथे मेट्रोचं वेळापत्रक विमानाला चक्क जुळतं. कफ परेडहून साडेदहाच्या शेवटच्या गाडीत बसलात तरी सव्वाअकराच्या सुमारास टी२. त्यातही अर्धा तास आधीची गाडी धरली, तर विमानाच्या तीन तास आधी पोहोचायचा नियम पाळून पाय मोकळे करायला वेळ उरतो. अर्थात, असं कोणी करत नाही. घरातला मुलगा परदेशी निघाला की संध्याकाळी सातला औक्षण होतं, चकलीचे डबे तिसऱ्यांदा वजनकाट्यावर चढतात, आणि साडेसातला, म्हणजे उत्तरेकडे जाणारं अर्धं शहर रस्त्यावर असताना, दोन टॅक्सी भरून मंडळी निघतात. पावणेदहाला टी२. प्रवेशावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतो, म्हणून आत एकटा मुलगाच जातो. बाकीचे सात जण काचेबाहेर उभे राहून हात हलवतात, तो आतल्या रांगेत दिसेनासा झाल्यावरही हलवतात. मग आत्या म्हणते, "आता परत मेट्रोनेच जाऊ, मेट्रो झालीय की थेट." सगळ्यांना पटतं. पाट्या पाहत, विचारत, लिफ्ट शोधत मंडळी खाली पोहोचतात, तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी असतात.