‘काही झालं नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय, ‘एसीत बसून अपडेट करा म्हणून उपदेश करणं सोपं असतं. माझ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या विंडोज ७ ला कधी अपडेट दिलं नाही, काही झालं नाही. उलट क्राउडस्ट्राइकच्या अपडेटनेच विमानं अडकली. आणि नेटचा खर्च तुम्ही देणार का?’

क्राउडस्ट्राइकचं मान्य. १९ जुलै २०२४ ला या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. नेटच्या खर्चावर वाद घालायची माझी इच्छा नाही.

पण एसी? माझी उमेदीची वर्षं डीटीपीच्या दुकानात, पत्र्याखाली गेली. लग्नसराईत गिऱ्हाईक पेनड्राइव्ह आणायचं, तो लावला की आतली ऑटोरन फाइल आपोआप चालायची आणि दुपारपर्यंत दुकानातली सगळी मशीनं व्हायरसने बाधित. दुसऱ्या दिवशी छापायला जायच्या पत्रिकेची फाइल उघडत नाही, आणि मुलीचा बाप समोर उभा. ही ऑटोरनची सोय विंडोजच्या एक्सपी आणि व्हिस्टा या जुन्या आवृत्त्यांवर मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेटमधूनच बंद केली. तेव्हा मला उपदेशक म्हणण्याआधी थोडी चौकशी करायची होतीत.

आता ‘काही झालं नाही’. वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस विंडोजमधल्या ज्या भगदाडातून शिरला ते बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ लाच आलं होतं. हल्ला झाला १२ मे रोजी. मधले जवळजवळ दोन महिने अपडेट न घेणारा प्रत्येक जण हेच म्हणत असणार. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. बाधित मशीनांत सर्वांत जास्त होती ती तुमच्याच विंडोज ७ ची. आणि वॉनाक्राय निदान पडद्यावर खंडणी मागायचा. पासवर्ड चोरणारा मालवेअर तर गुपचूप बसतो, मशीन नेहमीसारखंच चालतं. मग काही झालं नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट्स सर्वसामान्यांसाठी १४ जानेवारी २०२० लाच थांबली. त्यानंतर सापडलेली भोकं तशीच उघडी आहेत. तुमचं स्वतःचं नुकसान तुम्ही सोसाल, तो तुमचा प्रश्न. पण झेरॉक्सच्या दुकानात लोक आधार, पॅन, पासबुक विश्वासाने स्कॅनला देतात, आणि त्या फाइली डेस्कटॉपवर तशाच पडून राहतात. त्या माणसांना तुम्ही विचारलंय का? नवं मशीन घेईपर्यंत त्या फाइली पुसा, बँकेचं काम त्यावर करू नका, नेटची वायर काढून ते फक्त प्रिंटसाठी वापरा. एवढं करा, मग मला हवं ते बोला.