फॉरवर्ड करा, सुखी राहा

जगावर एकामागून एक संकटं येताहेत, त्यात आपण काय करायचं, असा प्रश्न पडला असेल तर पुढचा सल्ला कामाला येईल. सांगलीकरांना विशेष.

आधी प्रत्येक संकट वेगळ्या डब्यात ठेवा. २०२२ला युक्रेनमध्ये युद्ध पेटलं ते तिकडचं. इथं खताचं पोतं महागलं ते दुकानदाराच्या हावरटपणामुळं. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले, द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले, भाडं वाढलं, ते व्यापाऱ्याचं रडगाणं. तासगावात अवकाळीनं द्राक्षबागेवर दावण्या रोग आला ते नशीब. आणि सोसायटीचं कर्ज थकलं ते पोरगं नीट बघत नाही म्हणून. या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे म्हणणाऱ्याला ‘लई शाना झालास’ म्हणून गप्प बसवा.

प्लॉट पूररेषेत घ्या, पाणी आलं की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला शिव्या घाला.

धोका मोजायला मागच्या पुराची खूण पुरते. २००५ला इथवर आलं नव्हतं म्हणून २०१९ला कितीतरी जण घरात बसून राहिले. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांवर. आता पुढचा पूर २०१९च्या खुणेशी येऊन थांबणारच! (तज्ज्ञही आपल्यातलेच. जागतिक आर्थिक मंचाच्या जानेवारी २०२०च्या अहवालात, सर्वाधिक शक्यता असलेल्या पहिल्या दहा धोक्यांत साथरोग नव्हता. मार्चमध्ये आपण थाळ्या वाजवत होतो.)

आता मुख्य काम, फॉरवर्ड. मेसेज रात्री अकरानंतरच पाठवावा. परवा आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर आला: ‘कोयनेचे सहाही दरवाजे उघडले, पहाटेपर्यंत सांगली पाण्याखाली, सर्वांना पाठवा.’ सोबत फेसाळत्या पाण्याचा व्हिडिओ. तळमजल्यावरच्या आजींचं नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर नेलं. वळणावर खुर्ची कठड्याला घासली आणि आजी ‘पांडुरंगा’ म्हणून किंचाळल्या. मग गाद्या, गॅस, तांदळाची कोठी. उजाडल्यावर कुणीतरी व्हिडिओ नीट बघितला. कोपऱ्यात तारीख होती, ऑगस्ट २०१९ची! पाठवणारे काका निवृत्त अधिकारी. विचारलं तर म्हणाले, “आलं तसं पाठवलं. सावध केलं, बिघडलं काय?”

काय बिघडलं सांगतो. त्याच आठवड्यात पाणी खरंच चढायला लागलं, इशारा पातळीचा अधिकृत मेसेज आला, तर ग्रुपवर पहिलं उत्तर होतं, ‘आलं परत तेच.’ कुणी हललं नाही. त्याच मंचाच्या २०२४ आणि २०२५च्या अहवालांत पुढच्या दोन वर्षांचा पहिला धोका खोटी माहिती आणि दुसरा टोकाचं हवामान. ही जोडी कशी जमते ते बघायला मंचाची बैठक भरते त्या दावोसला कशाला जायचं? आमच्या जिन्यात या.

अहो काका, कोयनेचं पाणी कराडला कृष्णेला मिळून सांगलीत पोचायला कित्येक तास लागतात. आयर्विनची पातळी पावसाळ्यात दिवसातून अनेकदा जाहीर होते. तेवढं बघायचा तुम्हाला कंटाळा, पण साठ घरं झोपेतून उठवायचा नाही? २०१९ला वीज गेली, मागोमाग नळ गेले, फोन गेले, महामार्ग बंद पडला, पेट्रोल मिळेना. तेव्हा तुम्हीही इथंच होता ना? तारीख दिसत नसेल तर चष्मा लावा. चष्मा सापडत नसेल तर पाठवू नका. आणि खाली ते हात जोडलेले टाकताय, ते आधी बंद करा.