फ्रिजला सोडा, जंगलातला पाठलाग बघा

मालक, प्रतिक्रिया सडेतोड आहे, आवडली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंडियाना जोन्स मालिकेतल्या 2008च्या 'किंगडम ऑफ द क्रिस्टल स्कल'ला मी लेखात फारच सवलत दिली. अणुस्फोटातून नायक इंडी शिशाचा पत्रा लावलेल्या फ्रिजमध्ये बसून वाचतो, तिथेच पिक्चर संपला. पुरातत्त्वाच्या गोष्टीत परग्रहवासी कशाला? इंडीचा जुना साथीदार मॅक, त्याच्या मरण्याचं कुणालाच काही वाटत नाही. आणि वर टोमणा, की सात रस्ता चौकात चहा पिऊन हॉलिवूडच्या कॅमेऱ्यावर बोलू नये. चहाचं जाऊ द्या, बाकीच्याचं बघू.

फ्रिजचा हिशेबच करू. तो सेकंदाला 40 मीटर वेगाने आपटला आणि अर्ध्या मीटरात थांबला असं धरलं, तर आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या 160 पट दणका बसतो. 1954 मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या जॉन स्टॅप यांनी रॉकेटच्या गाडीवर स्वतःला पट्ट्यांनी आवळून घेऊन 46 पट सोसला होता. शिशाचा पत्रा किरणोत्सर्ग थोडाफार अडवेल, हा दणका अडवणार नाही. म्हणजे विज्ञानात तुम्ही बरोबर. पण 1984च्या भागात हाच गडी रबरी तराफा घेऊन विमानातून उडी मारतो आणि बर्फावरून घसरत खाली येतो, अमरीश पुरी छातीत हात घालून काळीज बाहेर काढतात, ते आपण टाळ्या वाजवून मान्य केलंच ना? अशक्य गोष्टी या मालिकेत पहिल्यापासून आहेत.

उलट त्या प्रसंगाची बांधणी मला चित्रपटातली सगळ्यात पक्की वाटते. नव्याकोऱ्या घरांची वसाहत, माणसांच्या जागी पुतळे, टीव्हीवर मुलांचा कार्यक्रम चालू, आणि मग भोंगा. अशा वसाहती खरोखर उभ्या केल्या होत्या. 5 मे 1955 ला नेवाडातल्या 'ॲपल-2' चाचणीत घरं, पुतळे, खाण्याचे डबे, सगळं मांडून वर 29 किलोटनांचा स्फोट केला होता. शेवटी ढगापुढे उभी टोपीवाली छोटी आकृती दिसते, ती चौकट दिग्दर्शक स्पीलबर्गचीच. घोटाळा होतो तो फ्रिज आपटल्यावर बिळातून डोकावणाऱ्या संगणकी प्राण्यामुळे. दिग्दर्शकच 'गंमत चाललीय, घाबरू नका' म्हणतो, आणि पुढचा दीड तास प्रेक्षक खरोखरच घाबरत नाही.

परग्रहवाल्यांवरही माझा तेवढा राग नाही. पहिले तिन्ही भाग 1930च्या दशकात घडतात आणि त्या काळच्या साहसी मालिकांवर बेतलेले आहेत. हा भाग 1957 मध्ये घडतो, म्हणून निर्माता जॉर्ज लुकासने त्या काळच्या स्वस्त उडत्या तबकड्यांच्या पिक्चरचा बाज उचलला. कल्पना चोख आहे. चुकलं ते वस्तूच्या नियमात. 1981च्या पहिल्या भागातल्या पवित्र पेटीकडे बघायचं नाही. 1989च्या भागातला प्याला चुकीचा निवडलात की मेलात, आणि खरा मिळाला तरी मंदिराच्या जमिनीवरच्या शिक्क्याच्या पलीकडे न्यायचा नाही. दोन्ही नियम एका वाक्यात कळतात, म्हणून श्वास रोखला जातो. कवटीचं काय? ती परत ठेवायची. नाही ठेवली तर काय बिघडतं, हे कुणी नीट सांगतच नाही. ती कधी लोखंड ओढते, कधी सोनं, आणि गरज नसेल तेव्हा पोत्यात गप्प पडून राहते. त्यात संग्रहालयांतल्या खऱ्या स्फटिकाच्या कवट्यांमागे पुराणकथेचं बळही नाही. ब्रिटिश म्युझियमने 1897 मध्ये घेतलेल्या कवटीवर फिरत्या चाकाच्या खुणा सापडल्या, आणि कोलंबसपूर्व अमेरिकेत तसं चाक वापरतच नव्हते, म्हणजे ती नंतरची नक्कल.

आता जंगलातला पाठलाग. माझी खरी तक्रार इथे आहे. 1981च्या ट्रकच्या पाठलागात टेरी लेनर्ड हा स्टंटमन खरोखर ट्रकखालून सरकतो. त्यासाठी ट्रकची उंची वाढवली होती आणि रस्त्याच्या मधोमध चर खणला होता. नायकाच्या दंडात गोळी बसते, आणि पुढे शिपाई नेमका त्याच जखमेवर बुक्क्या मारतो. लागलेलं लागलेलंच राहतं. 2008च्या जंगलात काही भाग हवाईत, काही स्टुडिओत, झाडी संगणकावर. चादरीला वेगवेगळ्या मागांवरचे तुकडे जोडावेत तसं झालंय, नक्षी जुळते पण पोत जुळत नाही. छायालेखक यानुश कामिन्स्कीचा दुधाळ प्रकाश चेहऱ्यांच्या कडेने झिरपतो आणि मागचं जंगल सपाट पडतं. इंडीचा मुलगा मट दोन गाड्यांवर पाय फाकून तलवार खेळतो, मधल्या झुडपांचे फटके नको तिथे बसतात, लगेच वेलींना लोंबकळत माकडांबरोबर निघतो. त्यानंतर गाडी एकापाठोपाठ तीन धबधब्यांवरून कोसळते आणि सगळे धडधाकट. पहिल्याच धबधब्यात काही बिघडलं असतं तर पुढच्या दोन धबधब्यांना अर्थ आला असता.

हेच लोक खऱ्या रस्त्यावर काय करू शकतात ते येल विद्यापीठात चित्रित केलेल्या मोटारसायकलच्या पाठलागात दिसतं. इंडी बाइकवरून गाडीच्या खिडकीत ओढला जातो आणि दुसऱ्या खिडकीतून पुन्हा बाइकवर येतो. पासष्टीच्या घरातला हॅरिसन फोर्ड तिथे शोभतो, कारण धापा लागलेल्या दिसतात. ट्रकचा आणि जंगलाचा पाठलाग आवाज बंद करून लागोपाठ बघा. त्याआधी टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत दाखवणारी सोय) बंद करा, नाहीतर जुना पिक्चरही नकली वाटेल. प्रत्येक कटनंतर कोणती गाडी पुढे, कोण कुठल्या बाजूला, हे सांगता येतं का बघा. ट्रकमध्ये येतं. जंगलात दोन-तीन कटनंतर कुणाचा पत्ता कुणाला लागत नाही.

मॅकच्या बाबतीत मात्र तुमच्या मताला माझं पूर्ण अनुमोदन. आधी फितूर, मग 'मी दोन्हीकडचा हेर', मग परत फितूर. तिसऱ्यांदा पलटणाऱ्या माणसावर प्रेक्षक भरवसाही ठेवत नाही आणि चिडतही नाही. त्यात इंडीची जुनी प्रेयसी मेरियन (कॅरेन ॲलन) येतेच तासभर उलटल्यावर. मॅकला दिलेली ती वळणं कापून तो वेळ कॅरेन ॲलनला द्यायला हवा होता.